चिपळूणचं लग्न, मे महिन्याची हवा आणि बारा तासांचा बेस

मुलगी सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरीला, माहेर चिपळूणचं. जानेवारीत साखरपुडा झाला आणि लग्न मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गावातल्याच हॉलमध्ये ठरलं. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा. हॉलला एसी नाही. पंखे आहेत, पण होमाच्या वेळी स्टेजवरचे बंद करावे लागतात. मे महिन्यातलं चिपळूण ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको: पारा पस्तिशीच्या आसपास, हवेत पाणी, सकाळी आठलाच ब्लाउज पाठीला चिकटलेला. तिचा मेकअप माझ्याकडे होता, आणि अशा हवेत सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत चेहऱ्याचा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, नीट राहायला हवा होता. तिच्या परवानगीने ही हकीकत लिहिते आहे, नाव तेवढं देत नाही.

साखरपुड्याचे फोटो तिने मला आधीच पाठवले होते. खाली एकच ओळ: “ताई, लग्नात असं व्हायला नको.”

फोटो मोठे करून पाहिले तर एका चेहऱ्यावर तीन वेगवेगळे बिघाड दिसत होते. जबड्याच्या कडेला आणि कानाजवळ बेसच्या बारीक वळ्या निघाल्या होत्या. वरचा ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा फुटल्या होत्या, तिथली खरी त्वचा ठिपक्याठिपक्यांनी डोकावत होती. आणि सगळा चेहरा ग्रे मारत होता, मान मात्र छान गव्हाळ. घरच्यांनी तिन्हींचं खापर घामावर फोडलं होतं आणि ‘कोकणात मेकअप टिकतच नाही’ असं ठरवून टाकलं होतं. मला ते पटेना, कारण साखरपुडा जानेवारीतल्या संध्याकाळचा होता. त्या दिवसांत चिपळुणातही अंगावर शाल घ्यावीशी वाटते. घाम नव्हता तरी बेस फुटला, म्हणजे कारण दुसरीकडे होतं. आणि ते सापडलं नाही, तर मे महिन्यात त्यावर घामाचीही भर पडणार होती.

मग तिला विचारत बसले. चेहऱ्याला रोज काय लावतेस, कधीपासून, कुणी सांगितलं, साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात काय काय केलं. पार्लरमध्ये हे प्रश्न फार कमी विचारले जातात याचं मला वाईट वाटतं, कारण निम्मं उत्तर इथेच असतं. पिंपल्ससाठी त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ॲडापलीन जेल दिलं होतं, ते ती रोज रात्री लावायची. शिवाय सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिवसातून दोनदा. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी ब्लीच आणि फेशियल, आणि त्याच दिवशी सकाळी अपरलिपचं थ्रेडिंग. घरून निघताना जाडसर जेल सनस्क्रीन. पार्लरमध्ये त्यावर सिलिकॉनचा प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, मग स्टिक, म्हणजे कांडीसारखं घट्ट फाउंडेशन, मग पांढरी लूज पावडर.

ॲडापलीन त्वचेच्या पेशी लवकर पालटायला लावतं आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते. तिच्या ओठांभोवती, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे होतेच. लांबून दिसत नव्हते, पण बोट उलट्या दिशेने फिरवलं की लागत होते. पापुद्र्यावर बेस बसला की तो त्वचेवर नसतो, सुटायला आलेल्या तुकड्यावर असतो. तुकडा सुटला की रंगही गेला. वरच्या ओठावर तर थ्रेडिंगने त्याच सकाळी वरचा थर ओढून काढला होता. तिथे कितीही महागडं उत्पादन लावलं असतं तरी ते फुटलंच असतं.

वळ्यांचं कारण निराळं. जेल सनस्क्रीनमध्ये कार्बोमरसारखे पाण्यात फुगणारे घटक असतात आणि ते वाळल्यावर त्वचेवर पातळ पडदा तयार होतो. त्यावर सिलिकॉनचा प्रायमर चोळून लावला की तो पडद्याला धरत नाही, घसरतो, आणि बोटाच्या ओढीने खालचा पडदा गुंडाळला जातो. सनस्क्रीन चांगलं असू शकतं, प्रायमरही चांगला असू शकतो. त्या दोघांचं आपसात जमत नाही, एवढंच. जेलला वाळायला वेळ दिला नाही, तर हे हमखास होतं.

स्टिकबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे लग्नाचा मेकअप म्हणजे स्टिक हे समीकरण अजून घट्ट आहे. जाड बेसची ही परंपरा स्टेज आणि स्टुडिओची. मॅक्स फॅक्टरने १९३० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत टेक्निकलर चित्रपटांसाठी पॅन-केक हा ओल्या स्पंजने लावायचा वडीसारखा बेस आणला, पुढे १९४० च्या दशकात पॅन-स्टिक. प्रखर दिवे, दूरवरचा कॅमेरा, दोन शॉट्सच्या मध्ये पफ घेऊन उभा असलेला माणूस, अशा कामासाठी ती गोष्ट होती आणि त्या कामात ती उत्तमच. पण मेण-तेलाची स्टिक कधी वाळत नाही. तिला पावडरने बसवावं लागतं आणि गरम झाली की ती पुन्हा मऊ होते. आजचं लाँग-वेअर लिक्विड फाउंडेशन वेगळ्या तत्त्वावर चालतं: त्यातले उडून जाणारे घटक, म्हणजे आयसोडोडेकेन किंवा हलकी सिलिकॉन्स, काही मिनिटांत निघून जातात आणि रंगाला धरून ठेवणाऱ्या रेझिनचा पातळ, लवचीक थर मागे राहतो. बारा तास दमट हॉलमध्ये काढायचे असतील तर मी वाळणारी गोष्ट निवडेन. स्टिक मी आजही वापरते, पण एखाद्या डागापुरती.

एवढा अंदाज बांधल्यावर ट्रायल घेतली, मार्चच्या शेवटी, पुण्यात. तोपर्यंत तिने डॉक्टरांना विचारून जेल एक दिवसाआड केलं होतं, फेसवॉश साधा घेतला होता आणि रात्री सेरामाइड, म्हणजे त्वचेचा ओलावा धरून ठेवणारा घटक, असलेलं मॉइश्चरायझर सुरू केलं होतं. पापुद्रे बरेच कमी झाले होते. ट्रायल मी अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यावर केली. डाव्या बाजूला तिचं नेहमीचं जेल सनस्क्रीन, वर प्रायमर, वर लिक्विड फाउंडेशन. उजव्या बाजूला पातळ मॉइश्चरायझर, पातळ फ्लुइड सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबून थेट फाउंडेशन. प्रायमर फक्त नाकाच्या कडेला. फाउंडेशन दोन्हीकडे एकच, स्पंजही एकच. डाव्या जबड्यावर माझ्या हातीच वळ्या निघाल्या, तिने आरशात पाहिल्या आणि जानेवारीपासूनचं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

पण एसीच्या खोलीत चांगला दिसणारा बेस काहीच सिद्ध करत नाही. म्हणून तिला सांगितलं, घरी जाऊन गॅससमोर उभी राहा आणि सगळ्यांच्या पोळ्या कर, पंखा बंद ठेवून. होमासमोर चेहऱ्याला जी धग लागते तिच्या जवळ जाणारी दुसरी परीक्षा शहरातल्या फ्लॅटमध्ये मला माहीत नाही. स्कूटरवर स्कार्फ बांधू नकोस, रिक्षाने जा, एवढी ताकीद दिली. स्कार्फने बेस घासला गेला असता तर कशाचा दोष कशावर गेला ते कळलं नसतं. संध्याकाळी तिचे फोटो आले. उजवी बाजू कपाळ सोडून जशीच्या तशी. कपाळावर तेल आलं होतं आणि रंग किंचित गडद झाला होता.

हे गडद होणं आमच्याकडे ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणून ओळखलं जातं. फाउंडेशनमधला रंग मुख्यतः लोहाच्या पिवळ्या, लाल आणि काळ्या ऑक्साइडांचा आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. ती ऑक्साइडं बाटलीतच ऑक्साइडं असतात, म्हणजे नाव चुकीचं आहे. चेहऱ्यावर होतं ते असं: उडणारे घटक निघून जातात, त्वचेचं तेल रंगकणांना भिजवतं, आणि ओला दगड कोरड्याहून गडद दिसावा तसा रंग गडद दिसायला लागतो. म्हणून शेड लावल्या लावल्या ठरवू नये. जबड्यापासून मानेपर्यंत रेघ ओढावी, पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम करावं, मग उजेडात जाऊन बघावं.

शेडवरूनच खरा वाद झाला. ट्रायलला काकू, म्हणजे तिची आई, आणि आत्या दोघी आल्या होत्या. आत्यांचं म्हणणं, “एक शेड उजळ घे गं, नाहीतर फोटोत सावळी येईल.” साखरपुड्यालाही हेच झालं होतं: दोन शेड उजळ आणि गुलाबी झाक असलेला बेस, वर पांढरी पावडर. तिची त्वचा गव्हाळ, झाक पिवळसर-ऑलिव्ह. अशा त्वचेवर गुलाबी-पांढरा थर दिला की खालचा रंग त्यातून राखाडी होऊन वर येतो. ते गोरेपण नसतं, ती राख असते. मी आत्यांशी वाद घातला नाही. एका गालावर त्यांची शेड, दुसऱ्यावर माझी, मुलीला गॅलरीत उभं केलं आणि फोनने फ्लॅश लावून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतःच माझ्या बाजूवर बोट ठेवलं. पण हा हट्ट किती खोल रुजलेला आहे हे मी रोज बघते, आणि माझं ठाम मत आहे की आपल्याकडे घामाने जेवढे बेस बिघडतात त्याहून जास्त गोरं दाखवण्याच्या हट्टाने बिघडतात. गव्हाळ मुलगी गव्हाळच सुंदर दिसली पाहिजे. तिच्या मानेने आणि हातांनी चेहऱ्याला खोटं पाडू नये.

ओठांभोवती आणि डोळ्यांखाली तिला थोडं पिगमेंटेशन होतं. ते फाउंडेशनच्या थरांनी झाकायला गेलं की थर वाढतो, आणि हसताना-बोलताना सर्वांत जास्त हलणारी जागा तीच. तिथे पीच-नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात दिला, बोटाने थोपटून. नारिंगी रंग खालची निळसर-करडी छटा मारतो आणि मग वरून फाउंडेशन थोडंसंच पुरतं.

लग्नाआधीच्या आठवड्यात सक्त नियम होते. अपरलिप आणि भुवया तीन दिवस आधी. ब्लीच नाही, नवीन फेशियल नाही, नवीन क्रीम नाही. ॲडापलीन डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडाभर बंद. कुणीतरी तिला सांगितलं होतं की काखेत लावायचं अँटिपर्स्पिरंट कपाळावर लावलं की घाम येत नाही. मी नाही म्हटलं. सोलवटून नुकत्याच सावरलेल्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमचे क्षार लावून लग्नाच्या सकाळी लाल चट्टे उठवायचे नव्हते.

मग हळद. बेसच्या चर्चेत हळदीचा विचार कुणी करत नाही, आणि आपल्या लग्नात आदल्या संध्याकाळी चेहरा, मान, हात पिवळे झालेले असतात. शेड मार्चमध्ये जुळवलेली, त्वचा मे महिन्यात पिवळी. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद लागण्याआधी चेहऱ्याला-मानेला खोबरेल तेलाचा हात आणि हळद उतरवताना आधी तेलाने पुसून मग साध्या फेसवॉशने धुणं, साबणाने घासणं नाही. सुवासिनींनी गालाला हळद हलकीच लावावी हे काकूंनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी सकाळी केसांच्या रेषेत, कानामागे आणि मानेवर पिवळेपणा होताच. मानेवर मी तो झाकत बसले नाही. तिची झाक मुळात पिवळसर, त्यामुळे चेहऱ्याच्या बेसमध्ये पिवळ्या मिक्सरचा, म्हणजे शेड बदलायला मिसळायच्या रंगाचा, एक थेंब टाकला आणि चेहरा-मान जुळली.

सकाळी पहिलं काम केलं ते वधूपक्षाच्या खोलीतली गर्दी बाहेर काढायचं. दहा-बारा बायका, दोन इस्त्र्या, फुलांच्या परड्या आणि एक पंखा: अशा खोलीत अंगाला घाम सुटलेला असताना लावलेला बेस त्वचेला धरतच नाही, कारण घाम खालून येतो आणि थराला वर उचलतो. फाउंडेशन घाम थांबवू शकत नाही. अंग थंड करणं हाच उपाय. तिला अंघोळीनंतर पंख्याखाली बसवलं, गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मानेवर आणि मनगटांवर ठेवला, थोडं कोकम सरबत दिलं. घाई केली नाही.

मग कपाळ-नाक-हनुवटीला जेल मॉइश्चरायझर, गालांना आणि ओठांभोवती क्रीम. वरून ट्रायलमध्ये पास झालेलं पातळ सनस्क्रीन. ते मुरेपर्यंत तिचा अंबाडा घातला. प्रायमर नाकाच्या कडेला, हनुवटीवर आणि दोन भुवयांमध्ये, चोळून नाही, दाबून. करेक्टर. फाउंडेशन पूर्ण चेहऱ्याला जेमतेम दीड पंप: आधी हाताच्या पाठीवर घेतलं, ओलसर पिळलेल्या स्पंजने मध्यापासून बाहेर थोपटत नेलं. दुसरा हात फक्त नाकाच्या आजूबाजूला आणि हनुवटीवर. सेटिंग स्प्रेचा एक हलका फवारा आणि तो पूर्ण वाळू दिला. त्यात अल्कोहोल आणि पडदा धरणारे पॉलिमर असतात. ओला असताना वर पावडर गेली तर चट्टे पडतात. मग पिवळसर लूज पावडर मखमली पफने दाबून, नाकाच्या कडा, वरचा ओठ, हनुवटी, डोळ्यांखाली. गालांवर जवळजवळ नाही. पांढरी सिलिका पावडर मुद्दाम टाळली, कारण फ्लॅशमध्ये ती भुतासारखे पांढरे डाग दाखवते.

तीन जागा मी जाणूनबुजून हलक्या ठेवल्या. कपाळाच्या मध्यावर चंद्रकोर आणि कुंकू येणार, तिथे बेस जवळजवळ नाहीच; जाड बेसवर टिकलीचा गोंद धरत नाही आणि ओलं कुंकू पसरतं. मुंडावळ्यांची पट्टी जिथे बसते आणि मोत्यांच्या लडी जिथे गालांना घासतात त्या दोन रेषा. आणि नथीखालची जागा, कारण नथ दिवसभर हलते आणि जाड थरावर तिचा वळसा उमटतो. हे सगळं शहरातल्या रिसेप्शनच्या मेकअपमध्ये शिकवलं जात नाही, पण मराठी वधूच्या चेहऱ्यावर बेस फुटायला सुरुवात इथूनच होते.

करवली होती तिची मामेबहीण, कॉलेजात शिकणारी. तिला मी टिश्यूची पुडी आणि एकच काम दिलं: टिश्यूचा एक पदर सुटा करून घामावर ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. पुसायचं नाही. रुमाल नाही, साडीचा पदर नाही, आणि घामावर कॉम्पॅक्ट तर अजिबात नाही. ओल्यावर पावडर गेली की तिचा लगदा होतो आणि मग तो काढता येत नाही. त्या मुलीने हे काम इतक्या निष्ठेने केलं की अंतरपाट धरला होता तेव्हाही ती टिश्यू घेऊन मागे उभी होती.

गौरीहराच्या पूजेपासून मंगलाष्टकांपर्यंत काही झालं नाही. अक्षतांचे दाणे गालावर चिकटले नाहीत, याचा अर्थ थर वाळलेला होता. खरी परीक्षा लाजाहोमाला. पंखे बंद, तोंडासमोर धग, डोळ्यांत धूर. सप्तपदी संपवून ती शालू नेसायला खोलीत आली तेव्हा वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि डाव्या कोपऱ्यात बेस नखाएवढा उघडला होता. त्यावर आणखी बेस लावला नाही. कापसाच्या काडीवर मॉइश्चरायझरचा ठिपका घेऊन कडा विरघळवल्या, टिश्यूने कोरडं केलं, बोटावर उरलेलं फाउंडेशन थोपटलं, पावडर दाबली. दोन मिनिटांचं काम.

पंगतीनंतर नाकावर तेल आलं, ते टिपलं. तीनच्या सुमारास कपाळ अर्धी शेड गडद झालं होतं, पण मानेशी फारकत नव्हती. पाठवणीला ती भरपूर रडली. गालांवरून ओघळलेल्या पाण्याने बेसवर रेषा उठल्या नाहीत. काजळ मात्र उतरलं आणि ते काडीने काढावं लागलं. जी जागा टिकली नाही ती म्हणजे हसण्याची रेष. संध्याकाळी नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना बारीक चीर दिसत होती. दिवसभर हजार लोकांना नमस्कार करत हसणाऱ्या चेहऱ्यावर ती येणारच, आणि ती येऊ नये म्हणून थर वाढवला असता तर चिरेची भेग झाली असती. सासरी लक्ष्मीपूजन झालं तेव्हा साडेआठ वाजले होते. तिथून आलेल्या फोटोत मान, चेहरा आणि मेंदीचे हात एकाच माणसाचे वाटत होते.

रात्री मेकअप काढायचा कसा हेही लिहून दिलं होतं: आधी क्लीन्झिंग बाम किंवा तेल कोरड्या चेहऱ्यावर, मग फेसवॉश, स्क्रब नाही. लाँग-वेअर थर पाण्याने सुटत नाही, आणि दमलेली मुलगी तो ओल्या वाइपने घासत बसली की दुसऱ्या दिवशी चेहरा लाल होतो.

पुण्याचं रिसेप्शन तीन दिवसांनी होतं, संध्याकाळचं, गारेगार एसी हॉलमध्ये. फाउंडेशन तेच, शेड तीच, फक्त पिवळ्या मिक्सरचा थेंब वगळला कारण हळद उतरली होती. बाकी बरंच बदललं. गालांना मॉइश्चरायझर दुप्पट, पावडर फक्त नाकाच्या कडेला, आणि फाउंडेशनमध्ये मॉइश्चरायझरचा अंश मिसळून गालांवर थोडी चमक ठेवली, कारण एसीच्या कोरड्या हवेत चिपळूणचाच बेस लावला असता तर तिचे गाल तासाभरात पांढुरके दिसले असते. आत्या त्याही दिवशी होत्या. या वेळी शेडबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. धाकट्या मुलीच्या बारशासाठी माझी तारीख मात्र त्यांनी तिथेच मागून घेतली.